घरच्या स्टोरेज सर्व्हरवर चेकसमच्या चुका येत आहेत. आधी दोष शोधावा की थेट नव्या डिस्क घ्याव्यात?

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट माहिती देऊन नंतर तुकड्यातुकड्यांनी भर घालण्यापेक्षा सगळे एकदमच लिहिते.

आम्ही चिपळूणला राहतो. माझे वडील कीर्तनकार होते आणि त्यांच्या कीर्तनांच्या तीनशेच्या आसपास कॅसेटी घरी होत्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटातील निम्म्याहून अधिक कॅसेटी चिखलात गेल्या. वरच्या फळीवर ज्या वाचल्या, त्या साधारण एकशे तीस कॅसेटी मी पुढच्या दोन वर्षांत संगणकावर उतरवल्या. ते ध्वनिमुद्रण सुमारे ४०० जीबी आहे. त्याखेरीज यजमानांचा छायाचित्रणाचा व्यवसाय असल्यामुळे लग्नांचे व्हिडिओ आहेत. सगळे मिळून पाच टीबीच्या आसपास भरते.

सर्व्हर म्हणजे घरातलाच जुना डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, चार टीबीच्या चार डिस्क आणि त्यांवर ट्रूनॅस स्केल, म्हणजे झेडएफएस ही फाइल प्रणाली वापरणारी साठवण-सर्व्हरची प्रणाली. चारही डिस्क एकाच दिवशी घेतल्या आणि त्यांचा मिळून एक रेडझेड-१ पूल केला, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी असा एकत्र साठा. बोर्डवर डिस्क जोडण्याचे, म्हणजे साटाचे, चारच पोर्ट आहेत आणि त्यांतील एकाचे प्लास्टिक तुटले आहे. त्यामुळे एसएसडी, पहिली डिस्क आणि दुसरी डिस्क बोर्डवर जोडल्या आहेत, तर तिसरी आणि चौथी एका स्वस्त साटा कार्डावर आहेत. यंत्राला वीज देणाऱ्या एसएमपीएसला साटाचे तीनच प्लग असल्यामुळे या शेवटच्या दोन डिस्कना वीज देण्यासाठी दुकानदाराने जुन्या चार-पिनी मोलेक्स प्लगवरून दोन फाटे काढणारी केबल दिली होती. पुरानंतर खाली काहीच ठेवायचे नाही असे घरात ठरल्यामुळे हे सगळे माळ्यावर असते.

गेले तीन महिने दरमहाच्या स्क्रबमध्ये, म्हणजे साठवलेले सगळे वाचून तपासताना, चुका सापडत आहेत. या वेळच्या स्क्रबनंतर वाचनाच्या आणि लेखनाच्या चुका शून्य आहेत, पण चेकसमच्या (माहितीसोबत लिहून ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याच्या) रकान्यात पहिल्या डिस्कपासून अनुक्रमे ४, ४, ६५ आणि ६२ असे आकडे आहेत. दोन फायलींना कायमची इजा झाल्याचेही तो सांगतो, आणि त्यांतील एक फाइल कीर्तनाची आहे. डिस्कच्या प्रकृतीची स्मार्ट चाचणी मात्र चारही डिस्कना उत्तीर्ण ठरवते. त्या यादीतील खराब सेक्टरांचे क्रमांक ५, १९७ आणि १९८ सर्वत्र शून्य आहेत. क्रमांक १९९ फक्त तिसऱ्या डिस्कवर ३ आहे, बाकी शून्य. तापमान ४४, ४५, ५१, ५२ अंश. क्रमांक १२ चे आकडे ३८, ३८, २९४, २९१ आणि क्रमांक १९२ चे ३१, ३१, २८७, २८४ असे आहेत. शेवटच्या दोन ओळींचा अर्थ मला कळत नाही, पण आकडे वेगळे दिसले म्हणून लिहिले.

यजमानांचे म्हणणे असे की डिस्क म्हाताऱ्या झाल्या आहेत, तेव्हा आठ टीबीच्या नव्या घेऊन मोकळे व्हावे. सध्या दोन घेण्याइतकीच ऐपत आहे. त्या याच पुलात घालाव्यात का? की आधी दोष शोधावा? आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि सर्व्हर घरच्या इन्व्हर्टरवर आहे. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

---

डोंबिवली_लोकल | रविवार, रात्री १०.५५

ताई, दोष शोधल्याशिवाय नव्या डिस्क जोडू नका. माझा संशय सरळ त्या साटा कार्डावर आहे. ज्या दोन डिस्कवर चुकांचा ढीग आहे, नेमक्या त्याच दोन कार्डावर आहेत, आणि हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही. बाजारातील स्वस्त कार्डांत पुष्कळदा मूळ चिप दोनच पोर्टची असते आणि पुढे पोर्ट मल्टिप्लायर लावून चार किंवा सहा पोर्ट केलेले असतात. चारही डिस्क एकदम कामाला लागल्या की, म्हणजे नेमके स्क्रबच्या वेळी, ती अडखळतात.

कार्ड काढून एलएसआयचे ९२११-८आय किंवा ९२०७-८आय हे सर्व्हरमधून निघालेले जुने एचबीए, म्हणजे डिस्क जोडण्याचे कार्ड, घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केल्यास मिळून जाईल. मात्र त्यात आयटी मोडचे फर्मवेअर असल्याची खात्री करून घ्या, नाहीतर ते स्वतःच डिस्क एकत्र गुंफून रेड करू पाहते आणि झेडएफएसला डिस्क थेट दिसत नाहीत. ही कार्डे सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यात चालण्यासाठी घडवलेली असल्यामुळे घरच्या कॅबिनेटमध्ये फार तापतात. त्यांच्या हीटसिंकवर एक छोटा पंखा लावावाच लागतो. माळ्यावर तर नक्कीच.

---

अर्धवट_अभियंता | सोमवार, सकाळी ७.२०

वाशिष्ठीकाठ यांनी ज्या दोन ओळी “अर्थ कळत नाही” म्हणून शेवटी दिल्या आहेत, त्यांतच या दुखण्याचे मूळ असावे. म्हणून वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत नाही. कार्डावर संशय घेणे चुकीचे नाही, पण कार्डासाठी पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्ट पाहा.

क्रमांक १२ म्हणजे डिस्कला किती वेळा वीज मिळून ती नव्याने सुरू झाली याची मोजणी, आणि क्रमांक १९२ म्हणजे ध्यानीमनी नसताना वीज गेल्यामुळे तिला किती वेळा घाईने डोके मागे घ्यावे लागले याची मोजणी. चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच यंत्रात, एकाच बटणावर चालणाऱ्या आहेत. मग पहिल्या दोन ३८ वेळाच सुरू झाल्या आणि शेवटच्या दोन २९० हून अधिक वेळा, हे कसे घडले? याचा अर्थ असा की यंत्र चालू असताना तिसऱ्या आणि चौथ्या डिस्कची वीज सुमारे अडीचशे वेळा क्षणभर गेली आहे. कार्ड बिघडले तर डिस्कशी असलेला दुवा तुटतो, डिस्कची वीज जात नाही. साटा केबल सदोष असती तर क्रमांक १९९ वाढला असता, कारण केबलवरून जाताना बिघडलेली माहिती तेथेच पकडली जाऊन त्या खात्यात मोजली जाते. तुमच्याकडे तो आकडा तीन आहे, म्हणजे नसल्यात जमा. इन्व्हर्टरचा दोष असता तर पूर्ण यंत्रच बंद पडून पुन्हा सुरू झाले असते आणि चारही डिस्कचे आकडे सारखे वाढले असते. राहता राहिली ती मोलेक्सवरून दोन फाटे काढणारी केबल.

आता यातून चेकसमच्या चुका कशा निर्माण होतात तेही सांगतो, कारण वाचनाच्या आणि लेखनाच्या चुका शून्य असताना माहिती बिघडते कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. डिस्कला काही लिहायला सांगितले की ती ते आधी स्वतःच्या छोट्या कॅशमध्ये घेते आणि लगेच “मिळाले” असे उत्तर देते. झेडएफएस काही सेकंदांचे लेखन एकत्र करून पाठवतो आणि शेवटी “आता सगळे तबकडीवर उतरव” अशी आज्ञा देतो. या दोन घटनांच्या मधल्या क्षणी डिस्कची वीज गेली तर कॅशमधील माहिती नाहीशी होते. वीज परत आल्यावर लिनक्सचा कर्नल दुवा नव्याने जोडतो, शेवटची आज्ञा देतो, आणि डिस्क प्रामाणिकपणे “उतरवले” म्हणते, कारण तिच्याकडे उतरवायला काही उरलेलेच नसते. कोणालाही चूक दिसत नाही. महिन्याने स्क्रब तो ठोकळा वाचतो, तेव्हा तेथे जुनाच मजकूर सापडतो आणि चेकसम जुळत नाही.

४, ४, ६५ आणि ६२ या आकड्यांतही बरीच माहिती आहे. रेडझेड-१ एका ठोकळ्यामागे एका डिस्कची चूक भरून काढू शकतो. जेथे फक्त तिसरी किंवा फक्त चौथी डिस्क चुकली, तेथे झेडएफएसने दोषी ओळखून दुरुस्ती केली आणि चूक तिच्या नावावर मांडली. जेथे दोघींची माहिती एकाच क्षणी गेली, तेथे दोषी कोण हेच ठरवता येत नाही आणि तो सगळ्यांच्या नावावर एकेक चूक मांडतो. पहिल्या दोन डिस्कवरील ४ हे बहुधा असे न सुटलेले ठोकळे आहेत, आणि तुमच्या दोन फायली त्यांतच गेल्या. एका डिस्कचे अपयश सोसणारा पूल तुम्ही बांधलात, पण त्यातील दोन डिस्क एकाच फाटक्या केबलवर टांगल्यामुळे तो आधार मुळातच निघून गेला होता.

साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टच्या तारेवरून दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. दोन डिस्क म्हणजे चार अँपिअर, आणि तो सगळा एका सैल पिनमधून. त्यात कोकणातील दमट हवा. पिनवर गंज चढला की रोध वाढतो, रोध वाढला की पिन तापते आणि तापली की आणखी सैल होते. शिवाय ज्या स्वस्त केबलींचे साटा टोक एकसंध ओतीव प्लास्टिकचे असते, त्यांत आतील तारा एकमेकींना टेकून जळल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. यंत्र बंद करून ती केबल काढा आणि प्लगच्या तोंडाचा रंग पाहा. तो पिवळट किंवा तपकिरी झाला असेल तर ती पुन्हा लावू नका.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवा एसएमपीएस घ्या, ज्याला किमान सहा साटा प्लग स्वतःचे असतील. तो मॉड्युलर असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबली त्याला कधीही लावू नका; टोके सारखी दिसली तरी आतील तारांची मांडणी निरनिराळी असू शकते आणि एका क्षणात सगळ्या डिस्क जळतात. मग पूल केवळ-वाचन पद्धतीने उघडून कीर्तने आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा, बाकीचे नंतर. ते झाल्यावरच स्क्रब चालवा. या पहिल्या स्क्रबमध्येही चुका सापडतील. घाबरू नका, त्या तबकडीवर आधीच पडलेल्या असतात. तो पूर्ण झाला की झेडपूल क्लिअर या आज्ञेने मोजणी शून्यावर आणा, आठवडाभर नेहमीसारखे काम करा आणि पुन्हा स्क्रब चालवा. दुसऱ्या स्क्रबचा आकडा हाच खरा पुरावा. कार्ड तोपर्यंत आहे तसेच ठेवा. वीज आणि कार्ड दोन्ही एकदम बदललेत तर दोषी कोण होते हे कधीच कळणार नाही.

---

काटेकोर | सोमवार, दुपारी १.१०

विवेचन चांगले आहे, पण मेमरीचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. सगळ्या डिस्कवर सारख्याच संख्येने चुका दिसणे हे खराब रॅमचेही लक्षण असते. यंत्र दहाएक वर्षांचे आहे आणि रॅम साधी आहे. मेमटेस्ट८६+ यूएसबीवर घालून रात्रभर चालवा, त्याला खर्च नाही. आणि वाढीव हार्डवेअर घ्यायचेच असेल तर पहिला पैसा ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून सुधारणाऱ्या, मेमरीवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. ज्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, असे ध्वनिमुद्रण बिनईसीसी यंत्रावर ठेवणे मला पटत नाही.

---

अर्धवट_अभियंता | सोमवार, दुपारी २.०५

मेमटेस्ट अवश्य चालवावा. ते माझ्या उत्तरात राहून गेले. खराब रॅम क्रमांक १२ वाढवू शकत नाही, एवढेच म्हणतो.

ईसीसीबद्दल मात्र व्यवहार पाहावा लागेल. चौथ्या पिढीचा आय-३ ईसीसी ओळखतो, पण एच८१ चिपसेट ओळखत नाही. म्हणजे ईसीसीसाठी सी२२४ किंवा सी२२६ सारख्या सर्व्हर चिपसेटचा बोर्ड शोधावा लागेल, नाहीतर एएम४ सॉकेटचा रायझेन आणि ईसीसीला खरोखर पाठिंबा देणारा बोर्ड घ्यावा लागेल. त्यातही अंगभूत ग्राफिक्स असलेल्या जी मालिकेत ही सोय फक्त प्रो प्रोसेसरना आहे. दोन डिस्कच घेण्याची ऐपत असलेल्या घराला हा सल्ला म्हणजे घर गळत असताना नवा दरवाजा बसवण्यासारखा आहे. झेडएफएसला ईसीसी अन्य फाइल प्रणालींपेक्षा जास्त लागते, हा समज चुकीचा आहे. ती असावी, पण दुसरी प्रत तिच्या आधी असावी.

---

काटेकोर | सोमवार, दुपारी २.४०

दुसरी प्रत आधी, हे मान्य. पण स्रोतच बिघडलेला असेल तर दुसरी प्रतही बिघडलेलीच होते, हे विसरू नका. निदान स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणीच्या स्थितीच्या गोठवलेल्या नोंदी) महिनाभराचे तरी मागे ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ८.१५

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आठवडाभरात जे झाले ते सांगते.

सोमवारी रात्रीच यंत्र बंद करून ती केबल काढली. चौथ्या डिस्ककडे जाणारे टोक तपकिरी झाले होते आणि नाकाजवळ नेल्यावर जळका वास येत होता. मोलेक्सच्या टोकातील पिवळ्या तारेची पिन बोटाने मागे सरकत होती. माळ्यावर लाकडी फळीवर, जुन्या पुस्तकांच्या खोक्याशेजारी हे चालू होते, याचा विचार करून अंगावर काटा आला.

कर्नलच्या नोंदींतही शोधले. दोन्ही डिस्कचे दुवे एकाच सेकंदाला तुटून पुन्हा जोडल्याच्या नोंदी कित्येक ठिकाणी सापडल्या. बहुतेक नोंदी पहाटेच्या आहेत, जेव्हा स्क्रब चालू असतो. मेमटेस्ट रात्रभर चालला, एकही चूक नाही.

आठ साटा प्लगचा नवा एसएमपीएस घेतला. त्याच्या मॉड्युलर केबलींबद्दलची सूचना वेळेवर मिळाली, कारण तंत्रज्ञ जुनीच केबल लावून “बसते आहे की” म्हणत होता. मग कीर्तने बाहेरच्या डिस्कवर उतरवली. पहिल्या स्क्रबमध्ये तिसऱ्या डिस्कवर ११ आणि चौथीवर ९ चुका निघाल्या. आपण आधीच सांगून ठेवले नसते तर मी पुन्हा कार्डालाच दोष देऊन बसले असते. आता मोजणी शून्यावर आणली आहे आणि पुढच्या शनिवारच्या स्क्रबची वाट पाहत आहे.

यजमानांचा आठ टीबीच्या डिस्कचा आग्रह कायम आहे, आणि व्हिडिओंमुळे जागा लागणार हे मलाही दिसते. चारांपैकी दोन डिस्क काढून त्या जागी आठ टीबीच्या दोन घातल्या तर जागा वाढेल का?

---

डोंबिवली_लोकल | शनिवार, रात्री ९.३०

कार्ड निर्दोष ठरले, तर मी माझा आरोप मागे घेतो. पण माळ्यावर ५२ अंश हे तापमान मला अजूनही खटकते. डिस्क बनवणारे ६० किंवा ६५ अंशांपर्यंत चालेल असे छापतात, तरी ४५ च्या आत ठेवणे शहाणपणाचे. डिस्कच्या पिंजऱ्यासमोर १२ सेंटिमीटरचा एक पंखा लावा आणि दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडा.

जागेबद्दल विचाराल तर नाही, वाढणार नाही. रेडझेडमध्ये प्रत्येक डिस्कचा सर्वांत लहान डिस्कइतकाच भाग वापरला जातो. चारही बदलून झाल्यावरच जागा वाढते, आणि तेही जागा आपोआप वाढवणारा ऑटोएक्स्पांड हा पर्याय चालू असेल तर. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय झाली आहे, पण तीसुद्धा आठ टीबीच्या डिस्कमधील चारच टीबी वापरेल.

---

अर्धवट_अभियंता | रविवार, सकाळी ६.५०

माझे म्हणणे असे की नव्या डिस्क जुन्या पुलात घालूच नका. आठ टीबीच्या दोन डिस्कचा वेगळा मिरर पूल करा, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर राहील. आठ टीबी म्हणजे संगणकाच्या मोजणीत सुमारे ७.२७ टीआयबी, आणि तुमचा पाच टीबीचा मजकूर त्यात मावून पुढची काही वर्षे निघतील. मिररचा फायदा असा की पुढे दोन-दोन डिस्क वाढवत जाता येते, आणि एखादी डिस्क बदलताना फक्त तिच्या जोडीदाराची प्रत काढावी लागते. जुन्या चार डिस्क निकामी नाहीत. त्यांचे ५, १९७ आणि १९८ शून्य आहेत. मजकूर मिररवर गेल्यावर त्यांचा नव्याने रेडझेड-२ पूल (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारा) करून तो दुसऱ्या एखाद्या जुन्या यंत्रात, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवा आणि महिन्यातून एकदा चालू करून त्यावर झेडएफएस सेंडने प्रत पाठवा. चार टीबीच्या चार डिस्कचा रेडझेड-२ म्हणजे साधारण तेवढीच, ७.२ टीआयबीच्या आसपास जागा, त्यामुळे दोन्ही साठे एकमेकांत मावतात. नदीकाठच्या घरात दोन्ही प्रती असणे म्हणजे एकच प्रत असणे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. इजा झालेल्या दोन फायली ज्या स्नॅपशॉटमध्ये आहेत, तो पाठवताना झेडएफएस सेंड तेथे अडकेल. आधी त्या फायली आणि त्यांना धरून ठेवणारे स्नॅपशॉट काढून टाका. कायमच्या चुकांची यादी लगेच पुसली गेली नाही तरी काळजी करू नका. त्यासाठी पुष्कळदा दोन स्क्रब लागतात.

डिस्क घेताना ती सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) आहे की एसएमआर हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहा. एसएमआर डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधला पट्टा बदलायचा तर शेजारचे सगळे पुन्हा लिहावे लागतात, आणि झेडएफएसच्या पुनर्बांधणीत अशी डिस्क रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे मान्य केले आणि पुढे सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या काढल्या. तेव्हापासून डब्यावर ‘नॅस’ (नेटवर्क साठवणीसाठी) लिहिले आहे एवढ्यावर मी विसंबत नाही.

नवी डिस्क घरी आली की त्याच दिवशी तिच्यावर मजकूर टाकू नका. स्मार्टची लांब चाचणी करा, मग बॅडब्लॉक्स या प्रोग्रामने पूर्ण लिहून-वाचून पाहा, आणि पुन्हा लांब चाचणी करा. बॅडब्लॉक्स चार निरनिराळे नमुने लिहून वाचतो, त्यामुळे आठ टीबीला चारेक दिवस लागतील. ठोकळ्याचा आकार ४०९६ द्या, नाहीतर एवढ्या मोठ्या डिस्कवर तो चालायलाच नकार देतो. या चाचणीत डिस्कवरील सगळे पुसले जाते, तेव्हा आज्ञा देण्यापूर्वी अनुक्रमांक डिस्कवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहा.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, सायंकाळी ६.३० (पुढचा आठवडा)

कालच्या स्क्रबमध्ये चारही डिस्कवर शून्य. क्रमांक १२ चारही डिस्कवर सारखाच वाढला आहे, यंत्र आम्ही जेवढे वेळा बंद-चालू केले तेवढाच. पंखा लावल्यापासून तापमान ४१ च्या वर गेलेले नाही. बहीण पुण्याला राहते, तिच्याकडे एक जुने यंत्र पडून आहे आणि ती दुसरी प्रत ठेवायला तयार आहे.

इजा झालेल्या कीर्तनाची मूळ कॅसेट सापडली. फितीवर बुरशी होती, ती हलक्या हाताने पुसून पुन्हा उतरवली. पूर्वरंगात एका ठिकाणी आवाज दबतो, पण आधीच्या प्रतीतही तो तेथे दबलेलाच होता. दुसरी फाइल एका लग्नाची होती आणि त्या कुटुंबाकडे तिची प्रत आहे.

आता एकच शंका उरली आहे. दुकानदाराकडे आठ टीबीची सीएमआर डिस्क एकच आहे, दुसरी गणपतीनंतर येईल म्हणतो. आज एका डिस्कचा पूल करून नंतर दुसरी जोडली तर मिरर होईल का?

---

अर्धवट_अभियंता | रविवार, सायंकाळी ७.१०

होईल. दुसरी डिस्क आल्यावर आज्ञा झेडपूल अटॅच ही द्या आणि तिच्यात आधी आज पुलात घातलेल्या डिस्कचे, मग नंतर आलेल्या डिस्कचे नाव लिहा. झेडपूल अ‍ॅड ही आज्ञा दिलीत तर मिरर न होता दोन डिस्कची जोडसाखळी होईल, आणि दोहोंपैकी एक गेली तरी सगळे जाईल. अशी चूक झालीच तर रेडझेड नसलेल्या पुलातून ती डिस्क झेडपूल रिमूव्हने बाहेर काढता येते. ट्रूनॅसच्या पडद्यावरून करणार असाल तर पुलाच्या पानावर त्या डिस्कची ओळ निवडून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय घ्या. सेक्टरच्या आकारासाठी ॲशिफ्ट १२ असल्याचे आजच पाहून ठेवा, कारण ते पुढे बदलता येत नाही. आणि दुसरी डिस्क येईपर्यंत जुना पूल मोडू नका.